केबल बंद करून गच्चीवर अँटेना: मुंबईत कोणी केलंय का?

खाडीकाठचा | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, ते विचारतो.

आम्ही शिवडीला राहतो. सात मजली इमारत, घर पाचव्या मजल्यावर. आई, आम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. केबलचं बिल सगळं धरून महिन्याला ४३० रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण मागच्या महिन्यात घरात कोण खरोखर काय बघतं हे वहीत लिहून काढलं आणि वाईट वाटलं. मुलगी टीव्हीकडे फिरकत नाही. आम्ही दोघं बातम्या आणि क्रिकेट. आई सकाळी सह्याद्री लावते, संध्याकाळी तिच्या दोन मालिका. दोनशेच्या वर वाहिन्यांचे पैसे भरतो आणि बघतो सात-आठ. त्यातली एखादी मध्येच गायब होते. फोन केला की "वरूनच पॅक बदललाय" एवढंच उत्तर मिळतं.

लहानपणी आमच्या चाळीच्या कौलांवर अँटेनांचं रान माजलेलं असायचं. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, वरळीच्या मनोऱ्याकडे. बाबा कौलांवर, मी खिडकीत, आई टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्याच आहेत!" "आता?" "आलं आलं, तिथेच धरा!" एकदा तोंड नीट बसलं की पुढे कोणाला महिन्याचे पैसे द्यावे लागत नव्हते.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असाच अँटेना लावून फुकट टीव्ही बघतो. मुंबईत हे आज जमेल का? तसा काड्यांचा अँटेना अजून मिळतो का, की डिशची छत्रीच लावावी लागेल? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

ताडदेवची_मावशी | शनिवार, रात्री १०:५२

एक दुरुस्ती. फुकट नव्हतं हो. टीव्हीचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. ऐंशीच्या दशकात ते रद्द झालं. आमच्याकडे ते पुस्तक अजून कपाटात आहे.

बाकी तुमचं "तिथेच धरा" वाचून गळा दाटून आला. आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता.

---

गच्चीवरचा_वायरमन | रविवार, सकाळी ८:३०

दादा, मी या धंद्यात १९८८ पासून आहे. आधी काड्यांचे अँटेना लावले, मग केबल ओढली, आता छत्र्या लावतो. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तुमच्या बाबांचा अँटेना. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं केंद्र. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. त्यावरून निघणारी लहर सरळ रेषेत येते, म्हणून डोंबिवली-विरारकडे लोक वीस-वीस फुटांचे पाइप उभे करायचे आणि मध्ये बूस्टर लावायचे. शिवडी-परळला उलटा त्रास. सिग्नल जोरात, पण गिरणीच्या चिमण्यांवर, इमारतींवर आपटून दुसऱ्यांदा यायचा आणि चित्राच्या बाजूला त्याची सावली दिसायची. त्याला आम्ही "भूत" म्हणायचो. अँटेना थोडा तिरका करून, मनोऱ्याकडे अगदी नेमका न धरता, ते भूत घालवावं लागायचं. बाबा तासन् तास वर का असायचे, ते आता कळलं असेल.

ते जुन्या पद्धतीचं, अॅनालॉग प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२१-२२ मध्ये जवळजवळ सगळीकडे बंद केलं. त्यामुळे जुना अँटेना उभा केलात तर आता त्यात मुंग्याही तुमच्या ओळखीच्या दिसणार नाहीत. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत डिजिटल जमिनी प्रक्षेपण सुरू केलं होतं, त्याला डीव्हीबी-टी-टू म्हणतात. मोबाइलला छोटा डोंगल लावून नॅशनल, न्यूज, भारती, स्पोर्ट्स असे चॅनेल दिसायचे. मी स्वतः प्रभादेवीला खिडकीत बसून बघितलंय, काचेसारखं स्वच्छ चित्र. पण तो डोंगल दुकानातून लोकांपर्यंत पोचलाच नाही. एवढी चांगली गोष्ट कोणाला कळलीसुद्धा नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच्या भरवशावर केबल तोडू नका.

तेव्हा तुमच्यासाठी रस्ता एकच, छत्री. म्हणजे डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली दूरदर्शनची सेवा. एकदा छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचं सिग्नल पकडणारं डबडं), वायर आणि बॉक्स घेतला की महिन्याचं काही नाही, रिचार्ज नाही, नाव-नोंदणी नाही. सगळं सामान आणि मजुरी मिळून साधारण दोन हजारांच्या आसपास बसतं, छत्री मोठी घेतली तर वर. बॉक्स एमपेग-फोरवालाच घ्या, म्हणजे नव्या पद्धतीचं चित्र उलगडणारा. जुन्या एमपेग-टूवर निम्मं-शिम्मं दिसतं. तुमचा टीव्ही नवा असेल तर आधी मागे बघा, हल्ली बऱ्याच टीव्हींत सॅटेलाइटचा ट्यूनर आतच असतो. वायर थेट टीव्हीत, बॉक्सच नको, दोन रिमोट नकोत. म्हाताऱ्या माणसांना ते फार सोपं पडतं.

---

गच्चीवरचा_वायरमन | रविवार, सकाळी ८:५८

दिशेचं राहिलं. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. मुंबईतून तो आग्नेयेला येतो, उत्तरेपासून मोजलं तर साधारण १३१ अंश, आणि क्षितिजापासून ५७ अंश वर. म्हणजे बराच डोक्यावर. याचा फायदा समजून घ्या. समोर टॉवर आहे म्हणून लोक आधीच नाद सोडतात. पण २० मीटरवरची इमारत आड यायची तर ती छत्रीपेक्षा ३० मीटरच्या वर उंच हवी, दहा मजले धरा. शिवडीच्या गच्चीवरून आग्नेयेला तर खाडी आणि बंदर, तुमच्यासारखी जागा परळच्या टॉवरवाल्यांनाही मिळत नाही.

तोटाही तोच. खिडकीच्या ग्रिलमध्ये छत्री लावायची तर वरच्या मजल्याचा छज्जा आड येतो. छत्री भिंतीपासून पुढे काढावी लागते.

आणि छत्रीकडे बघून फसू नका. आपल्या छत्रीचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती समोर बघतेय असं दिसतं, पण बघत असते खूप वर. नवीन पोरं तिला आभाळाकडे उताणी करतात आणि मग सिग्नल शोधत बसतात. एलएनबीसुद्धा सरळ बसवायचा नाही. मुंबईत तो जवळजवळ ४५ अंश तिरका लागतो. निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका आणि क्वालिटीची पट्टी बघत हळूहळू फिरवा. स्ट्रेंग्थची पट्टी बघू नका, ती कुठेही हिरवी होते.

---

माटुंगा_ते_जर्सी | रविवार, सकाळी ९:४०

तो मावसभाऊ मी नाही, पण असू शकलो असतो. मी न्यू जर्सीत आहे आणि आठ वर्षं अँटेनावरच बघतो.

इकडे आणि तिकडे मुळातच फरक आहे. इथे मोठ्या नेटवर्कच्या स्थानिक केंद्रांना जमिनीवरून प्रक्षेपण करावंच लागतं, परवानाच त्याचा असतो. न्यू यॉर्कची केंद्रं एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून प्रक्षेपित होतात. माझ्या माळ्यावरचा अँटेना त्या दिशेला आहे आणि बातम्या, फुटबॉल, पीबीएस ही सार्वजनिक वाहिनी, सगळं एचडी येतं. १२ जून २००९ ला इथलं अॅनालॉग बंद झालं, पण त्या जागी डिजिटल आधीच उभं होतं, म्हणून प्रेक्षक टिकला. शिवाय १९९६ पासून नियम आहे की घरमालकांच्या संघटनेला तुमच्या स्वतःच्या जागेत अँटेना लावायला मनाई करता येत नाही.

आपल्याकडे खासगी वाहिन्यांना जमिनीवरून प्रक्षेपणाची परवानगी कधी मिळालीच नाही. मनोरा एकट्या दूरदर्शनचा. त्यामुळे अमेरिकेतला अँटेना म्हणजे सगळ्या मोठ्या वाहिन्या, आणि भारतातला अँटेना म्हणजे दूरदर्शन. मावसभावाचं ऐकून अपेक्षा ठेवू नका, वायरमनदादांचं ऐका.

---

नीलांबरी | रविवार, दुपारी १२:०५

काढायच्या आधी एक गोष्ट बघा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या पे वाहिन्या आहेत, त्या फ्री डिशवर नाहीत. आईंच्या दोन मालिका कुठल्या वाहिनीवर लागतात ते त्यांना विचारलंत का? आमच्याकडे नवऱ्याने न विचारता केबल बंद केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त रात्री साडेआठला आत जाऊन पडायला लागल्या. आठ दिवसांनी मला कळलं. त्याच दिवशी परत जोडून घेतली.

---

खाडीकाठचा | रविवार, दुपारी १:२०

नीलांबरीताई, विचारलं नव्हतं. यादी केली आणि तिच्याशी बोललोच नाही. आज जेवताना विचारलं. एक मालिका तिला तशीही आवडेनाशी झालीय. दुसरी मात्र ती सोडणार नाही. "त्यातली सून अगदी आपल्या कमलसारखी आहे," म्हणाली. कमल माझी आत्या, गेल्या वर्षी गेली.

---

दादरचा_क्रिकेटवेडा | रविवार, सायंकाळी ४:४५

क्रिकेटचं मी सांगतो, कारण यातच लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो.

२००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामने त्यात येतात. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे सिग्नल दूरदर्शनने फक्त आपल्या जमिनी प्रक्षेपणावर आणि आपल्या डीटीएचवर दाखवायचे, केबल आणि खासगी डीटीएचवर नाही. म्हणून केबलवर डीडी लावलं तर ऐन सामन्याच्या वेळी दुसरंच काही चालू असतं आणि फ्री डिशवर त्याच वेळी कोहली खेळत असतो. लोक केबलवाल्याला शिव्या देतात, त्याची चूक नसते.

आयपीएल यात धरू नका. परदेशातल्या कसोटीही नाहीत. ज्याला भारताचे मर्यादित षटकांचे सामने पुरतात त्याच्यासाठी मात्र छत्रीसारखी दुसरी सोय नाही. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांना मोबाइलवर सामना लावून दिला तर चेंडू दिसत नाही. टीव्हीवर, फुकट, समालोचनासकट मिळतंय, हे त्यांच्या वयाच्या माणसासाठी किती मोठं आहे हे घरात तसं माणूस असल्याशिवाय कळणार नाही.

---

तिसरी_गल्ली | रविवार, रात्री ९:१०

माझे वडील केबलवाले. लालबाग-काळाचौकी भागात १९९२ पासून लाइन आहे. धागा वाचून थोडं लागलं, म्हणून लिहितो. भांडायला नाही.

वडिलांनी गच्च्यांवरून वायरी स्वतः ओढल्या. जुलैच्या पावसात रात्री अकराला फोन आला तरी जायचे, कारण समोरच्या घरात आजारी माणूस असायचं आणि टीव्ही हाच त्याचा सोबती. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईत अॅनालॉग केबल बंद झाली, घरोघरी बॉक्स लागले, आणि तेव्हापासून वाहिन्या आमच्या हातात राहिल्याच नाहीत. "वरून बदललंय" हे उत्तर आम्हीही देतो. ते खोटं नसतं. पॅक कुठला, भाव काय, कुठली वाहिनी कुठल्या गठ्ठ्यात, हे ठरतं वर. गिऱ्हाईकासमोर उभं राहतो तो आमच्यासारखा माणूस.

२०१९ चे ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले तेव्हा नुसत्या जोडणीचे १३० रुपये ठरले, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आमच्याकडे जोडणीचा आकार आजही तेवढाच आहे. यात दूरदर्शनच्या वाहिन्या येतातच, शिवाय फुकटच्या बऱ्याच. दादा, तुम्ही ४३० भरताय तो तुमच्या नावावर लावलेला मोठा पॅक आहे. तो काढायला सांगा. आईंची एक वाहिनी सुटी घ्या. १९ रुपयांची धरली तर १४९ आणि जीएसटी, पावणेदोनशेच्या आसपास. ४३० चे १७६. सुटी वाहिनी मागणं तुमचा हक्क आहे. केबलवाला "नाही मिळत" म्हणाला तर लेखी मागा.

आणि हो, तुमचं वायफाय त्याच लाइनवर असेल तर केबल तोडताना तेही बघा.

---

गच्चीवरचा_वायरमन | रविवार, रात्री ९:५५

तिसरी_गल्ली, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्या काळात लालबागला लाइन टाकणारे बहुतेक सगळे एकमेकांना ओळखायचो. तुमचं म्हणणं सोळा आणे खरं.

दादा, दोन्ही करता येतं हे लक्षात घ्या. छत्री एका इनपुटला, बॉक्स दुसऱ्याला.

फ्री डिशची एक उणीवही सांगून ठेवतो. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे दर एप्रिलला यादी बदलते. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या समूहांच्या चार हिंदी मनोरंजन वाहिन्या एकदम निघून गेल्या होत्या. गिऱ्हाइकं मला फोन करत होती, छत्री हलली का म्हणून. अशा वेळी आधी चॅनेल पुन्हा शोधून बघायचे, मग गच्चीवर जायचं.

---

सोसायटीची_सेक्रेटरी | सोमवार, सकाळी ७:४०

सेक्रेटरीच्या बाजूने. गच्ची सगळ्यांची, म्हणून आधी अर्ज द्या. आम्ही नाही म्हणतो ते छत्रीला नव्हे, ड्रिलला. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने गच्चीत चार बोल्ट ठोकले. वॉटरप्रूफिंगला भोकं पडली आणि जूनमध्ये सातव्या मजल्यावरच्या आजोबांच्या पलंगावर पाणी गळायला लागलं. दुरुस्तीला सोसायटीचे किती गेले ते लिहीत नाही. पाण्याच्या टाकीच्या भिंतीलाही हात लावू नका. बोल्ट न ठोकता उभी राहणारी छत्री असेल तर आमची समिती पाच मिनिटांत परवानगी देते.

---

खाडीकाठचा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. झालं ते लिहितो, पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

सेक्रेटरीताईंचं वाचून अर्जातच "ड्रिल करणार नाही" असं लिहिलं. परवानगी लगेच मिळाली. मोठी छत्री घेतली, ९० सेंटिमीटरची, पावसाचा विचार करून. छत्रीसाठी वापरतात ती आरजी-सिक्स वायर, पाचव्या मजल्यापर्यंत २८ मीटर लागली. टीव्हीत ट्यूनर आतच निघाला, त्यामुळे बॉक्सचे पैसे वाचले.

रविवारी सकाळी मी आणि मुलगी वर गेलो. बायको खाली टीव्हीसमोर, फोन चालू ठेवून. मी आग्नेयेला तोंड केलं, समोर खाडी, पलीकडे अटल सेतू. चाळीस मिनिटं काही नाही. मी स्ट्रेंग्थ विचारत होतो, क्वालिटी नाही. मुलीने धागा उघडला आणि म्हणाली, "बाबा, एलएनबी सरळ आहे, ४५ अंश लिहिलंय." तिने तो फिरवला. खालून बायको ओरडली, "आलं, आलं, हलवू नका!" त्यावर मला काही बोलता येईना. बाबा आठवले.

सह्याद्री आधी लावलं. आई खुर्ची पुढे ओढून बसली आणि म्हणाली, "रंग जास्त चांगले आहेत गं." मग प्रदीप भिड्यांच्या बातम्यांची आठवण काढत बसली, त्यांचा आवाज आला की बाबा हातातलं पेपरचं पान खाली ठेवायचे म्हणे. हे मला माहीत नव्हतं.

केबल पूर्ण तोडली नाही. तिसरी_गल्ली यांनी लिहिल्याप्रमाणे पॅक काढून आईची एकच वाहिनी सुटी मागितली. आधी "तसं होत नाही" झालं, अर्ज लिहून दिल्यावर झालं. आता १७६ येतात. आईची मालिका आहे तोपर्यंत ते भरणार. संपली की तिलाच विचारेन.

पावसाचं खरं खरं सांगतो. गेल्या बुधवारी दुपारी मुसळधार लागला तेव्हा चित्र आधी चौकोनी फुटलं आणि मग वीस मिनिटं गेलं. रिपरिप पावसात काहीच होत नाही. केबल त्या वीस मिनिटांत चालू होती, हे मान्य करायला हवं.

---

गच्चीवरचा_वायरमन | रविवार, रात्री ११:०५

वाचून फार बरं वाटलं. पोरीला शाबासकी द्या.

वीस मिनिटं म्हणजे ठीक आहे. त्याहून जास्त जायला लागलं तर पावसाला दोष देण्याआधी एलएनबीच्या तोंडाशी कनेक्टर बघा. पाणी तिथेच शिरतं. मार्च आणि ऑक्टोबरात काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास दहा-बारा मिनिटं चित्र जाईल, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो म्हणून. तेव्हा छत्रीला हात लावू नका, आपोआप येतं.

स्टँड कशावर उभा केलात ते लिहिलं नाही. ९० ची छत्री वारा धरते, सप्टेंबरपर्यंत मला काळजी राहील.

---

खाडीकाठचा | सोमवार, सकाळी ६:५०

लोखंडी चौकट करून घेतली, गॅल्व्हनाइज केलेली, तीन फूट बाय तीन फूट. खाली रबराची जाड पट्टी, म्हणजे गच्चीला ओरखडा नको. चौकटीवर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, प्रत्येक बाजूला सहा. परवाच्या वाऱ्यात हलली नाही, मी रात्री वर जाऊन बघून आलो. कनेक्टरवर टेप गुंडाळलीय आणि वायर घरात शिरण्याआधी खाली झोल सोडलाय, पाणी तिथून ठिबकून जातं. आणखी दोन-दोन ब्लॉक टाकू का?

---

गच्चीवरचा_वायरमन | सोमवार, सकाळी ७:१५

टाका. समुद्राच्या बाजूला चार टाका.